मनगटावरील हिशेब आणि स्नायूंचा थकवा

रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. जेवणे आटोपून घरातील दिवे एकामागून एक मालवले जात असतात. अशा वेळी पन्नाशी ओलांडलेला एखादा गृहस्थ दिवाणखान्यात येरझारा घालताना दिसतो. दिवसभर कचेरीतले काम झालेले असते, सायंकाळी बाजारहाट झालेला असतो, पोटऱ्या दुखत असतात. तरीही तो थांबत नाही. कारण मनगटावरचे घड्याळ त्याला सांगत असते की, आजच्या दहा हजार पावलांना अजून बाराशे पावले कमी आहेत. पाय उचलवत नाहीत म्हणून तो ते घाशीत चालतो. आणि जसजसा तो पाय घाशीत चालतो, तसतशी घड्याळातील संख्या अधिकच सावकाश वाढू लागते. वीस पावले टाकावीत आणि यंत्राने पंधराच मांडावीत, असा प्रकार होतो. गृहस्थाला वाटते, यंत्र बिघडले. वस्तुतः यंत्र बिघडलेले नसते. त्याचे चालणे बदललेले असते, आणि ते बदलण्याचे कारण त्याच्या स्नायूंत असते.

अशी घड्याळे, पट्टे आणि अंगठ्या आता शहरांतून सर्रास दिसू लागल्या आहेत. पावले किती झाली, नाडी किती चालली, उष्मांक किती जळले, याचा हिशेब त्या रात्रंदिवस ठेवीत असतात. पुष्कळांना या हिशेबाने व्यायामाची गोडी लागली, हा त्यांचा उपकार मान्यच केला पाहिजे. परंतु हिशेबनीस कितीही प्रामाणिक असला तरी त्याला जे दिसते तेवढेच तो वहीत मांडणार. या हिशेबनिसाला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे पाहिल्यावाचून त्याच्या वहीवर विसंबणे शहाणपणाचे नव्हे.

या घड्याळाच्या पोटात सिलिकनच्या अतिशय बारीक पट्ट्यांवर तोलून धरलेले एक सूक्ष्म वजन असते. हात हलला की ते वजन किंचित मागे-पुढे सरकते, आणि त्या सरकण्यावरून गतीत किती व कोणत्या दिशेने बदल झाला हे विजेच्या खुणांनी कळते. या भागास त्वरणमापक म्हणतात. घड्याळाच्या तळाशी एक हिरवा दिवा लुकलुकत असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. नाडीच्या प्रत्येक ठोक्यास त्वचेखालील रक्त वाढते व कमी होते, त्यानुसार परत येणारा प्रकाशही कमी-अधिक होतो. प्रकाशाच्या साहाय्याने बोटातील रक्ताची भरती-ओहोटी नोंदण्याची ही युक्ती आल्रिक हर्ट्झमन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने 1937 साली मांडली होती. आज ती मनगटावर येऊन बसली आहे, इतकेच.

म्हणजे घड्याळ ज्याला पाऊल म्हणते, तो खरोखर मनगटाला बसलेला एक हेलकावा असतो. हेलकावा ठरावीक जोराचा असला, पुढचा ठरावीक अंतराने आला, आणि असे काही हेलकावे ओळीने आले, की यंत्र त्यांना चालणे समजते. व्यायामशाळेतील बैठका किंवा दंडाचे व्यायाम मोजतानाही हीच रीत असते. हालचालीचा एक नमुना यंत्राच्या स्मरणात साठविलेला असतो. त्या नमुन्याशी मिळते-जुळते जे येईल ते मोजावयाचे, इतर सोडून द्यावयाचे. हे नमुने बहुधा ताज्या, निरोगी आणि धडधाकट माणसांच्या हालचालींवरून तयार केले जातात. अडचणीचे मूळ इथेच आहे. मनुष्य जसा व्यायामाच्या आरंभी असतो, तसा तो अखेरीस राहत नाही.

थकवा म्हणजे काय, याचा शास्त्रशुद्ध शोध घेणाऱ्यांत इटलीतील तुरीन येथील प्राध्यापक आंजेलो मॉस्सो यांचे नाव अग्रभागी आहे. मॉस्सो हे 1846 साली जन्मले व 1910 साली वारले. त्यांनी एक उपकरण तयार केले आणि त्यास श्रमलेखक अशा अर्थाचे नाव दिले. माणसाचा हात एका आधारावर घट्ट बांधावयाचा, मधले बोट तेवढे मोकळे ठेवावयाचे, त्या बोटाला दोरी अडकवून ती चाकावरून खाली सोडावयाची आणि तिच्या टोकास काही किलोंचे वजन टांगावयाचे. तालयंत्राच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बोट वाकवून वजन उचलावयाचे. वजन किती उंच गेले, याची रेघ काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर आपोआप उमटत असे. आरंभीच्या रेघा उंच. मग त्या हळूहळू ठेंगण्या होत जातात. अखेरीस बोट हलेनासे होते. या रेघांची टोके जोडली म्हणजे जी वक्ररेषा तयार होते, ती त्या माणसाच्या थकव्याची रेषा.

मॉस्सो यांना या रेषांत एक विलक्षण गोष्ट आढळली. दोन माणसांच्या रेषा एकसारख्या नसतात. एकाची शक्ती बराच वेळ टिकून एकाएकी कोसळते, दुसऱ्याची पहिल्यापासून संथपणे उतरत जाते. मात्र एकाच माणसाची रेषा पुन्हा पुन्हा काढली तर तिची धाटणी ओळखू येण्याइतकी कायम राहते. त्यांचे एक सहकारी, डॉ. माज्जोरा, हे विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आल्यावर त्यांची रेषा काढली, तेव्हा ती नेहमीपेक्षा फारच लवकर खाली आली. परीक्षा घेताना बोटांनी काही श्रम केले नव्हते. श्रमली होती ती बुद्धी. परीक्षेच्या दिवसांत ज्यांनी शिक्षकांना जवळून पाहिले आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही. 1891 साली मॉस्सो यांनी हे सारे ‘ला फातिका’, म्हणजे ‘थकवा’, या नावाच्या ग्रंथात प्रसिद्ध केले.

थकवा स्नायूत असतो की मेंदूत, हा वाद त्यानंतर दीर्घकाळ चालला. 1954 साली इंग्लंडमध्ये पी. ए. मर्टन यांनी अंगठ्याच्या स्नायूवर प्रयोग केले. अंगठा पूर्ण थकल्यावर त्यांनी त्याच्या मज्जातंतूस विजेचा झटका दिला. तरी गेलेली शक्ती परत आली नाही. यावरून, निदान त्या प्रयोगात तरी, दोष आज्ञा देणाऱ्याचा नसून आज्ञा पाळणाऱ्या स्नायूचा आहे असे दिसले. पुढील संशोधनाने दोन्ही पक्षांना थोडथोडा न्याय दिला. दीर्घ श्रमांत मेंदूकडून येणारी प्रेरणाही मंदावते, आणि स्नायूच्या पेशीतही बिघाड होतो. पूर्वी लॅक्टिक आम्लाकडे सारा दोष जात असे. आता असे दिसते की, श्रमाबरोबर पेशीत फॉस्फेट साठत जाते आणि आकुंचनास आवश्यक असलेले कॅल्शियम पुरेसे मोकळे होत नाही, ही थकव्याची अधिक महत्त्वाची कारणे आहेत. स्नायूचे आकुंचन दुबळे होते आणि आकुंचनानंतर सैल पडण्यासही त्याला अधिक वेळ लागतो.

आता हा थकवा मनगटावरील हिशेबात कोणता घोळ घालतो, ते पाहू गेले असता त्याचे चार प्रकार दिसतात.

पहिला प्रकार हालचालीच्या आकाराचा. थकलेला मनुष्य गुडघा कमी वाकवितो, हात कमी उचलतो, पाय जमिनीवर अधिक वेळ टेकवितो. हेलकावा लहान झाला, की तो यंत्राच्या ठरीव मर्यादेखाली जातो आणि मोजला जात नाही. याच्या उलटही घडते. बैठक मारून उठताना मांड्या साथ देईनाशा झाल्या म्हणजे माणूस अर्ध्यात थबकतो, थरथरतो आणि मग झटका देऊन उभा राहतो. त्या एका उठण्यात यंत्राला दोन उठणी दिसू शकतात. आणखी एक गोष्ट म्हणजे, एक स्नायू थकला की शरीर त्याचे काम शेजारच्या स्नायूकडे सोपविते. खांदा थकला की कंबर वाकते, दंड थकला की पाठ झोका घेते. मनगट जाते तिथेच जाते, म्हणून यंत्र व्यायाम झाला असे लिहिते. परंतु ज्या स्नायूसाठी व्यायाम होता तो विसावलेला असतो, आणि ज्या पाठीला जपावयाचे होते तिच्यावर भार पडलेला असतो.

दुसरा प्रकार अंतराचा. उपग्रहाचे साहाय्य नसेल तेव्हा घड्याळ पावलांच्या संख्येला पावलाच्या अंदाजी लांबीने गुणून अंतर काढते. ही लांबी पुष्कळदा उंचीवरून ठरविलेली असते. थकलेल्या पायांचे पाऊल आखूड झाले की गुणाकार चुकतो, आणि न चाललेले अंतर चालणाऱ्याच्या नावावर जमा होते.

तिसरा प्रकार स्थिर श्रमांचा, आणि तो सर्वांत बोलका आहे. भिंतीस पाठ टेकवून, गुडघे काटकोनात वाकवून, खुर्चीशिवाय खुर्चीत बसल्यासारखे मिनिटभर राहून पाहावे. अर्ध्या मिनिटात मांड्या पेटू लागतात, मिनिटाअखेर पाय लटपटतात. मनगट मात्र जागचे हललेले नसते. त्वरणमापकाच्या दृष्टीने तो मनुष्य आराम करीत असतो. मल्लखांबावर एखादी पकड धरून निश्चल राहणारा मुलगा, किंवा डोक्यावर घागर आणि कडेवर मूल घेऊन नळावर ताटकळणारी स्त्री, या दोघांचेही श्रम या वहीत कोरेच राहतात. बाजारात सामानाची गाडी दोन्ही हातांनी ढकलीत चालणाऱ्याचीही तीच गत. पाय चालतात, पण हात दांडीवर स्थिर असल्याने पावले गळतात.

चौथा प्रकार नाडीचा. एकाच गतीने, एकाच रस्त्यावर मनुष्य तासभर चालला वा धावला, तरी नाडी एकसारखी राहत नाही. घाम जातो, शरीर तापते, हृदयाच्या एका ठोक्यात बाहेर पडणारे रक्त कमी होते, आणि ती तूट भरून काढण्यासाठी ठोके वाढतात. उन्हाळ्यात ही वाढ तासाभरात मिनिटाला दहा-पंधरा ठोक्यांपर्यंत सहज जाऊ शकते. गती तीच, रस्ता तोच; परंतु नाडी वाढली म्हणून यंत्र अधिक उष्मांक जळाल्याचे सांगते. शिवाय मूठ घट्ट आवळली किंवा हात झटक्याने हलला, की मनगटाच्या शिरा-कंडरा सरकतात व हिरव्या प्रकाशाचे गणित विस्कटते. कित्येकदा तर यंत्र पावलांच्या तालालाच नाडीचा ताल समजून बसते.

2017 साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी सात मनगटी यंत्रे साठ स्वयंसेवकांवर पारखून पाहिली. नाडी मोजण्यात सातांपैकी सहा यंत्रांची चूक पाच टक्क्यांच्या आत राहिली. ही गोष्ट समाधानाचीच होय. उष्मांकांच्या बाबतीत मात्र त्यातल्या त्यात चांगल्या यंत्राचीही चूक सरासरी 27 टक्के होती आणि सर्वांत वाईट यंत्राची 93 टक्के. जे प्रत्यक्ष मोजले जाते ते बरेचसे खरे, आणि ज्याचा तर्क केला जातो ते बरेचसे सैल, असा याचा अर्थ. ही यंत्रे तेव्हापासून सुधारली आहेत. तथापि हा भेद आजही ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

येथवर कोणी म्हणेल की, शंभर पावले इकडे-तिकडे झाली म्हणून बिघडले काय? धडधाकट तरुणाचे फारसे बिघडत नाही. परंतु अर्धांगवायूच्या झटक्यातून सावरणारा एखादा रुग्ण डोळ्यांपुढे आणावा. दुबळा झालेला हात त्याने दिवसातून अमुक वेळा उचलावा, असे त्यास सांगितलेले असते, आणि किती वेळा उचलला याची नोंद मनगटावरील पट्टा ठेवीत असतो. पहिल्या पाच खेपांना हात खांद्यापर्यंत जातो. आठव्या खेपेला तो छातीपर्यंतच पोहोचतो. कपाळावर घाम येतो, दात आवळले जातात. दहावी खेप म्हणजे केवळ चार बोटांची हालचाल. पट्टा तिला हालचालच मानीत नाही. ज्या खेपेला त्या माणसाने सर्वांत अधिक कष्ट घेतले, तीच खेप हिशेबातून गळते. सायंकाळी आकडा पाहणाऱ्यास वाटते की, रुग्ण आळस करतो. आणि त्याहून वाईट म्हणजे, रुग्णालाही तसेच वाटू लागते. जिथे श्रम सर्वांत अधिक, तिथे नोंद सर्वांत कमी, हा या यंत्रांचा खरा दोष आहे. तो दोष लबाडीचा नाही, अज्ञानाचा आहे; पण त्याची शिक्षा दुबळ्यालाच भोगावी लागते.

आणि ज्या आकड्यापायी आपला तो गृहस्थ रात्री येरझारा घालतो, त्या दहा हजारांचे मूळ तरी काय? 1964 साली टोकियो येथे ऑलिंपिक सामने झाले. त्यानंतर 1965 साली जपानमधील यामासा कंपनीने कमरेला लावण्याचे एक पाऊलमापक बाजारात आणले. त्याचे नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. आकडा पूर्ण, सुटसुटीत आणि लक्षात राहण्याजोगा होता, म्हणून तो जगभर पसरला. 2019 साली आय-मिन ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सोळा हजारांहून अधिक वृद्ध स्त्रियांच्या पावलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे सरासरी वय 72 होते. पावले वाढत गेली तसे मृत्यूचे प्रमाण घटत गेले. परंतु सुमारे साडेसात हजारांनंतर अधिक पावलांचा अधिक लाभ दिसून आला नाही. चालणे हिताचे आहे, यात शंका नाही. दहा हजारांची रेघ मात्र एका उपकरणाच्या नावातून आलेली आहे.

थकवा ओळखणारे यंत्र करताच येणार नाही काय? प्रयत्न चालू आहेत, आणि काही आशादायकही आहेत. स्नायू आकुंचन पावताना त्यातून विजेच्या सूक्ष्म लहरी निघतात. स्नायू थकत गेला की या लहरी संथ होतात, हे जर्मन शास्त्रज्ञ हान्स पीपर यांनी 1912 सालीच पाहिले होते. पुढे बोस्टन येथील कार्लो डी लुका यांनी या लहरींच्या अभ्यासाला शिस्त लावली. अशा लहरी टिपणाऱ्या पट्ट्या आता कपड्यांतही बसविता येतात. परंतु घामाने त्यांचा त्वचेशी असलेला संबंध बिघडतो, आणि स्थिर स्नायूत जे स्पष्ट दिसते ते धावत्या स्नायूत तितके स्पष्ट राहत नाही. दुसरा मार्ग वेगाचा. 2011 साली सांचेस-मेदिना व गोन्सालेस-बादियो या स्पॅनिश संशोधकांनी दाखविले की, वजन उचलताना पहिल्या खेपेच्या मानाने वेग किती घटला, यावरून थकव्याचे चांगले अनुमान बांधता येते. आरंभीच्या नमुन्याशी न जुळणारी खेप यंत्र जी फेकून देत असे, तीच येथे माहितीचा स्रोत ठरते. थकलेल्या माणसांच्या हालचालीही यंत्राला शिकवाव्यात, आणि प्रत्येक माणसाची स्वतःची रेषा त्याने ओळखावी, ही दिशा योग्य आहे. मॉस्सो यांची काजळीची रेषा हेच सांगत होती.

एक फरक येथे लक्षात घेण्याजोगा आहे. मॉस्सो यांनी वजन ठरविले, ताल ठरविला, हात बांधून टाकला, आणि मग जे बदलले तो थकवा असे म्हटले. आजच्या घड्याळाने हात मोकळा सोडला आहे. वजन, ताल, रस्ता, ऊन, सारेच बदलते ठेवले आहे. म्हणून व्यायाम त्याला मोजता येतो, पण थकवा त्या व्यायामात मीठ विरघळावे तसा विरघळून जातो. दिसत नाही, चव मात्र बदललेली असते.

ती चव ओळखणारी एक जुनी इंद्रियशक्ती प्रत्येकापाशी आहे. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी तिलाच शास्त्रात स्थान दिले. त्यांनी 1970 च्या सुमारास एक साधी मोजपट्टी प्रचारात आणली. व्यायाम करणाऱ्याने आपल्याला श्रम किती वाटतात, हे सहा ते वीस यांमधील एका आकड्याने सांगावयाचे. सहा म्हणजे काहीच श्रम नाहीत. वीस म्हणजे आता याहून अधिक शक्य नाही. निरोगी तरुणाने सांगितलेल्या आकड्याला दहाने गुणले तर त्याच्या नाडीचा स्थूल अंदाज यावा, अशी तिची रचना आहे. तिला विजेची गरज नाही, ती घामाने बिघडत नाही. जगभरातील रुग्णालये आणि व्यायामशाळा ती आजही वापरतात.

तालमीतील वस्तादाची रीतही याहून फार वेगळी नसते. शिष्य जोर काढीत असतो, वस्ताद कोपऱ्यात उभा असतो. त्याचे लक्ष आकड्यावर कमी आणि शिष्याच्या पाठीवर अधिक असते. पाठीची कमान मोडली, कोपर फाकले, श्वास अडखळला, की ‘बस्स’ म्हणून तो थांबवितो. मग आकडा पन्नास असो वा सदतीस. मोडलेल्या ढंगाने काढलेला जोर अंगी लागत नाही आणि दुखापत मात्र देतो, हे त्याला ठाऊक असते.

तेव्हा घड्याळ काढून फेकावे असे नाही. रोज सकाळी त्याच वाटेने, त्याच वेळी चालणाऱ्याला ते उत्तम सोबती आहे. त्याने दाखविलेल्या आकड्याशेजारी, आज श्रम किती वाटले याचा स्वतःचा एक आकडा लिहून ठेवावा. घड्याळाचा आकडा तोच आणि आपला आकडा चढता, असे दोन-चार दिवस दिसले, तर शरीर विश्रांती मागत आहे असे समजावे. हालचालीचा ढंग मोडला की तो दिवसाचा शेवट मानावा. छातीत कळ आली, भोवळ आली किंवा दम असह्य झाला, तर घड्याळ काय म्हणते हे पाहत बसू नये. थांबावे आणि विनाविलंब डॉक्टरांना गाठावे. आणि घरात कोणी आजारातून उठून हातपाय हलवू लागला असेल, तर सायंकाळी पट्ट्यावरील संख्या वाचण्याआधी त्याच्याजवळ बसून, आज किती कष्ट पडले, असे त्यालाच विचारावे.

दिवाणखान्यातील तो गृहस्थ अजून येरझारा घालीतच आहे. बाराशेची आता नऊशे झाली आहेत. त्याच्या पोटऱ्यांनी मघाशीच आपला हिशेब पुरा करून त्याच्यापुढे ठेवला आहे. तो वाचावयास चष्मा लागत नाही. घड्याळ टेबलावर काढून ठेवावे, पाय गरम पाण्यात बुडवावेत आणि स्वस्थ झोपी जावे. थकलेले स्नायू पूर्ववत होतात ते याच वेळी, आणि उरलेल्या नऊशे पावलांना उद्याची सकाळ आहेच.